लिंबूटिंबूचे चिंचोके

चिंच फोडताना चिंचोके हाताला लागले आणि नाशिकमधली चाळीस वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली. मामाने परदेशातून आणलेल्या खेळात ताई गोष्ट रचायची आणि आम्ही भावंडं त्यातले वीर व्हायचो. राक्षस मारला की चिंचोका मिळायचा, दहा जमले की वीराची ताकद वाढायची. म्हणून सगळे राक्षसांमागे धावायचे आणि मी, लिंबूटिंबू, गोष्टीतल्या पांडवलेण्यांत एकटीच मागे राहायचे. त्या दुपारी मी रडले, तर ताईने नियमच बदलला, "आता सोबत्याला वाचवेल त्यालाच चिंचोका!" मग मला वाचवायला भांडणं लागली. दादा तर गोष्टीतल्या विहिरीत मला स्वतःच ढकलायचा आणि स्वतःच बाहेर काढायचा. हल्ली गुडघे दुखतात म्हणून ताईला हाताला धरून उठवावं लागतं. उभी राहिली की ती हळूच विचारते, "किती चिंचोके झाले गं तुझे?"