आत्तींचा पेपर

आख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात टेलिव्हिजन खऱ्या अर्थानं कुणाला कळला असेल तर तो माझ्या नवऱ्याच्या आत्तींना, आणि गंमत अशी की त्यांनी तो कधी पाहिलेला नाही. घरात टीव्ही आहे, चांगला मोठा आहे, सकाळी देवपूजेच्या आधीच सुरू होतो. पण आत्ती पडल्या हुपरीच्या. तिथं घराघरांतून चांदीचं काम चालतं आणि आत्तींची चाळीसेक वर्षं पैंजणांना घुंगरं जोडण्यात गेली. घुंगरू ज्वारीच्या दाण्याएवढं. मान वर केली की हातातून निसटून कॉटखाली जातं. त्यामुळे आत्ती टीव्ही फक्त ऐकायच्या. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा एका मालिकेतली सून जिना उतरत होती. आत्तींनी मान खाली ठेवूनच मला सांगितलं की ही आता पडणार. ती पडली. मी विचारलं, हा भाग आधी पाहिलाय का? त्या म्हणाल्या, "बघतंय कोण? मगाशी तबला थांबला की न्हाय?"

त्यांच्या कानांना वर्ज्य असं काहीच नव्हतं. जाहिरातींतले आवाज त्या माणसांसारखे ओळखायच्या. सकाळी सिमेंट विकणारा, दुपारी गोडेतेल विकणारा आणि संध्याकाळच्या मालिकेत देवाचा आवाज काढणारा माणूस एकच आहे, हे त्यांनी आम्हाला सांगितलं आणि वर त्याला हल्ली सर्दी झाल्याचंही सांगितलं. पात्रांशी त्यांचे संबंध सरळ होते. एका खलनायिकेनं नणंदेचे दागिने लपवल्यापासून आत्तींनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. म्हणजे ती बाई बोलायला लागली की त्या नातवाला आवाज बंद करायला लावायच्या आणि तिचं बोलणं संपलं की पुन्हा चालू करायला. त्या मालिकेत त्या बाईचाच पुरा कारभार होता, त्यामुळे घरात अर्धा अर्धा तास शांतता असायची. पुढं नातू आईवडिलांबरोबर पुण्याला गेला. आवाज बंद करायला कुणी उरलं नाही, तेव्हा आत्तींनी त्या बाईला नाइलाजानं माफ केलं.

अशा या आत्ती माझ्या परीक्षेच्या ऐन महिन्यात आमच्याकडे कोल्हापूरला राहायला आल्या. मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते. लग्नामुळे राहिलेली पदवी पस्तिशीनंतर बाहेरून पुरी करायला घेतली होती. विषय जनसंवाद. सगळे पेपर सुटले, एकच अडकला, 'दूरचित्रवाणी आणि चित्रपट'. त्यात आदल्या वर्षी मी नऊ मार्कांनी गेले होते. पुढच्या वर्षापासून अभ्यासक्रम बदलणार होता, म्हणजे आता गेले तर सगळं पहिल्यापासून. शाळेतल्या कुणालाही मी सांगितलं नव्हतं. मुलांच्या नापासाच्या याद्या मीच टाइप करत असल्यामुळे स्वतःचं नाव त्या भाषेत ऐकायची माझी तयारी नव्हती.

आत्तींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. आधी एक डोळा, पंधरा दिवसांनी दुसरा, असं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं की महिनाभर बारीक काम नाही, टीव्ही बघायचा नाही. त्यावर आत्तींनी त्यांना शांतपणे विचारलं की बघायचा न्हाय, पण ऐकायला काय हरकत? डॉक्टरांच्या उभ्या नोकरीत हा प्रश्न पहिल्यांदाच आला असावा. त्यांनी परवानगी दिली. पण घरी आल्यावर माझ्या नवऱ्यानं दोन गोष्टी केल्या. आत्तींनी पिशवीतून चोरून आणलेला घुंगरांचा डबा कपाटावर ठेवला, आणि बायकोचा अभ्यास आहे म्हणून टीव्हीची वायर काढून घेतली. हातांना काम नाही, कानांना करमणूक नाही. काळा चष्मा लावून आत्ती सोफ्यावर बसल्या आणि साडेतीन मिनिटांत म्हणाल्या, "तुझं ते पुस्तक तर वाच की मोठ्यानं. कुणीतरी बोलू दे घरात."

म्हणून मी माझ्या नोट्स आत्तींना वाचून दाखवायला लागले. शाळा सकाळची, एकला मी घरी, जेवण झालं की वाचन. पहिल्या दिवशी मला वाटलं त्या झोपतील. झोप मलाच आली. मध्येच थांबले तर त्या म्हणाल्या की पान उलटायला एवढा वेळ लागत न्हाय. दुसऱ्या दिवसापासून त्या मधेमधे थांबवायला लागल्या. पुस्तकात सगळा भरणा परदेशी विद्वानांचा. प्रत्येक नाव आलं की त्या विचारायच्या, "ह्यो पावणा कुठला?" फ्रान्सचा म्हटलं तर म्हणायच्या, लांबनं आलाय, त्येचं नीट ऐकून घेऊ. एका पावण्याचं मत त्यांना पटलं नाही. प्रेक्षक टीव्हीसमोर निष्क्रिय बसलेला असतो असं तो म्हणत होता. आत्तींनी मला ते वाक्य दोनदा वाचायला लावलं आणि विचारलं की ह्याच्या घरात बायका कधी टीव्हीसमोर बसल्यात का? त्यांनी स्वतः टीव्हीसमोर हजारो पैंजणांना घुंगरं जोडली होती, मटार सोलले होते, दोन सुनांची बाळंतपणं काढली होती.

क्लोज-अपमुळे पात्राच्या अंतर्मनाचं दर्शन घडतं, असं मी वाचलं तेव्हा त्या म्हणाल्या की मालिकेत एकाच बाईच्या तोंडावर तीनदा ढँण वाजवत्यात, त्या दिवशी त्यांच्याकडं सांगायला काय नसतंय. हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं. पण खरी मजा झाली ती 'मिज-आं-सेन' या शब्दानं. आदल्या वर्षी याच प्रश्नात माझी दांडी गुल झाली होती. चार ओळींची व्याख्या पाठ केली आणि ऐन वेळी तिसरी ओळ गेली ती गेलीच. मी आत्तींना समजावलं की चौकटीत कुठं काय ठेवलंय, उजेड कुठून येतोय, माणूस कुठं उभा आहे, अंगावर काय घातलंय, हे सगळं मिळून. त्यांनी काळा चष्मा नाकावर नीट बसवला. मग म्हणाल्या, "म्हंजे त्या खोलीची मिजास." मी पुस्तक मिटलं. त्यानंतर ती व्याख्या मला कधी पाठ करावी लागली नाही.

हळूहळू शिक्षिका कोण आणि विद्यार्थिनी कोण ते कळेनासं झालं. मी भाकरी थापत असले तर बाहेरून हाक यायची, मोंताजचं सांग. मी पिठाच्या हातांनी सांगायचे की वेगवेगळी दृश्यं एकापुढं एक ठेवली की त्यातून तिसराच अर्थ तयार होतो. आत्तींना नुसत्या व्याख्येवर मार्क द्यायची सवय नव्हती. उदाहरण दे म्हणायच्या, मला सुचलं नाही की स्वतः द्यायच्या. दारात अनोळखी चपला. मग पोह्यांच्या बशा. मग पोरीच्या हातात नव्या बांगड्या. कुणी काय बोललं न्हाय, तरी कळलं की पोरगी बघायला आल्यात. इतकं स्वच्छ उदाहरण देणारी बाई चष्म्याआड डोळे मिटून बसलेली होती.

दुसऱ्याही डोळ्याचं ऑपरेशन आणि तपासणी झाली, डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला, आणि मी त्यांना सिनेमाला नेलं. अभ्यासक्रमात एका चित्रपटाचं रसग्रहण होतं, ते निमित्त. लग्नानंतर त्या थिएटरात गेल्याच नव्हत्या. खुर्चीत बसल्यावर त्यांचे हात मांडीवर काहीतरी शोधत राहिले. शेवटी मी माझी ओढणी दिली, तिच्या टोकाला त्यांनी पहिल्या गाण्यापर्यंत सात गाठी मारल्या. मग हात थांबले. मध्यंतरापर्यंत त्या पडद्याकडे अशा बघत होत्या की मी दोनदा त्यांच्या तोंडाकडे बघितलं. दिवे लागल्यावर मी विचारलं, कसा वाटतोय? त्या तक्रारीच्या सुरात म्हणाल्या, "इतकं बघाय लागलं की ऐकायचं ऱ्हाऊनच गेलं. ही पोरगी घर सोडून का गेली?" सगळ्या थिएटराला जे कळलं होतं ते आत्तींना कळलं नव्हतं. मध्यंतरानंतर त्यांनी सरळ डोळे मिटून घेतले, आणि शेवटच्या प्रसंगात थिएटरात सगळ्यांच्या आधी त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी डोळे पुसू नका म्हणून ओरडले, कारण डॉक्टरांनी हात लावायचा नाही असं सांगितलं होतं. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी आपला रुमाल पुढं केला आणि विचारलं, पावणं कुठलं?

परीक्षेच्या दिवशी त्या माझ्याबरोबर कॉलेजवर आल्या. नको म्हटलं तर ऐकतील त्या आत्ती कसल्या. त्यांनी माझ्या हातावर दही-साखर ठेवली आणि गेटाबाहेरच्या चिंचेखाली, इतर मुलांच्या आईबापांत जाऊन बसल्या. त्या घोळक्यात परीक्षार्थींत माझ्या वयाची मी एकटीच होते आणि सोबत आलेल्यांत त्यांच्या वयाच्या त्याच.  पेपर उघडला. चौथा प्रश्न होता, दूरचित्रवाणी मालिकांमधील ध्वनीचं कार्य उदाहरणांसह स्पष्ट करा. मी पेन टेकवलं आणि पुरवणी मागेपर्यंत उचललं नाही. थांबलेला तबला लिहिला, देवाला झालेली सर्दी लिहिली, आवाज बंद केल्यावर खलनायिका कशी बिचारी वाटते तेही लिहिलं. मिज-आं-सेनच्या उत्तरात 'दृश्याची ऐट' असा शब्द घातला. मिजास लिहायचा धीर झाला नाही.

बाहेर आले तर आत्तींनी 'कसा गेला' असं विचारलंच नाही. हात पुढं करून प्रश्नपत्रिका मागितली, घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर त्या जेवणाच्या टेबलावर बसल्या होत्या. समोर कालची प्रश्नपत्रिका, माझी कोरी राहिलेली वही, पेन, भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड. मला हातानंच गप्प राहायची खूण केली. अकराला सुरुवात केली होती, दोनला संपवणार होत्या. मी स्वयंपाकघरात जाऊन भांड्यांचा आवाज होणार नाही असं जेवले. दोन वाजता त्यांनी पेन ठेवलं, वही माझ्याकडं सरकवली आणि म्हणाल्या, "तपास. पोरांचं तपासत्यात तसं. आपली म्हणून सोडू नगंस."

लाल पेन घेऊन मी बसले. अक्षर मोठं होतं, ओळी उताराला लागल्यासारख्या. दोन प्रश्न त्यांनी सोडले होते आणि तिथं प्रामाणिकपणे लिहिलं होतं, ऐकलं न्हाय. चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांतला फरक सांगा, या प्रश्नाला सहा ओळींचं उत्तर होतं. त्यातल्या चार मी तशाच उतरवून ठेवल्या आहेत. 'सिनेमाला आपण जातो. टीव्ही आपल्याकडं येतो. सिनेमा संपला की माणसं घरला जातात. टीव्ही लावला की घरात माणसं येतात, आन ती असूस्तवर घरात दुसरं कोण न्हाय हे ध्यानात येत न्हाय.' मी दहापैकी नऊ दिले. एकूण बेरीज पासाच्या वर जात होती. त्यांनी नव्या डोळ्यांनी प्रत्येक लाल खूण जवळून बघितली, बेरीज बोटांवर करून पाहिली आणि विचारलं की हितला एक मार्क कुठं गेला? मी म्हटलं, अक्षराचा. ते त्यांना मान्य झालं.

मग त्यांनी वही मिटली आणि पहिल्यांदाच सांगितलं की सातवीच्या परीक्षेला त्या बसल्याच नव्हत्या. वर्षभर शाळेत गेल्या होत्या. पण परीक्षेच्या आठवड्यात घरात पैंजणांचं मोठं काम आलं, लग्नसराईचे दिवस होते, आईला हात कमी पडत होते. पहिल्या पेपराला त्या गेल्या नाहीत, मग दुसऱ्याला, मग शाळेलाच. तक्रार कसलीच नव्हती त्या सांगण्यात. वहीच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "शाळेत असतीस न्हवं तू? त्या सालचा सातवीचा पेपर मिळंल का बघ की."

आठ दिवसांनी मी त्यांना हुपरीच्या बसमध्ये बसवलं. महिनाभरानं माझा निकाल लागला. मी पास झाले, चांगल्या मार्कांनी झाले. पहिला फोन आत्तींना केला. त्यांनी ऐकलं, शेजारणीला ओरडून सांगितलं, पुण्याला फोन करून नातवालाही सांगणार म्हणाल्या, आणि मग आवाज उतरवून विचारलं, "ते माझं बघितलंस का?"

मी बघते आहे. ऑफिसातली जुनी कपाटं काढली, दोन निवृत्त गुरुजींच्या घरी जाऊन आले, हुपरीच्या त्यांच्या शाळेतही विचारून झालं. इतक्या जुन्या सातवीच्या प्रश्नपत्रिका कुणी जपून ठेवत नाही. कुठलाही जुना पेपर छापून देता येईल, त्यांना कदाचित कळणारही नाही. पण त्यांना त्याच सालचा हवा आहे. मागच्या रविवारी मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या की त्या दिवशी वर्गातल्या बाकीच्या पोरी काय लिहीत बसल्या होत्या, तेवढं एकदा बघायचं आहे.