गाडीतल्या घराचं लायसन

आमचं घर चार चाकांवर आहे असं सांगितलं, की लोक आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, "आणि संडासाचं काय?" टाकी आहे, पाळीपाळीने दोघंही रिकामी करतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. खरा ताप संडासाचा नाही, कागदांचा आहे.

माझे यजमान बसचे ड्रायव्हर. उभं आयुष्य त्यांनी स्टिअरिंगवर काढलं आणि मी सांगोल्याकडच्या एका गावात अंगणवाडी सांभाळत काढलं. त्यांनी सगळे रस्ते बघितले, मी पाण्याच्या टँकरची वाट बघितली. म्हणून रिटायर झाल्यावर मीच हट्ट धरला, की आता घर करायचं तर फिरणारंच. एक जुनी मिनीबस घेतली. बाकं काढून पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवायची, तर आधी आरटीओची परवानगी हवी. ती मिळवून, काम करून, गाडी पुन्हा तपासून घेऊन कागदावर कॅम्पर व्हॅन अशी नोंद होईपर्यंत माझे उरलेसुरले केस पिकले.

मग पत्त्याचं सुरू झालं. आधार, गॅस, मतदार यादी, सगळ्यांना माणूस एका जागी बसलेला हवा असतो. होटगी रस्त्याला यांच्या जुन्या मित्राचं ट्रकचं आवार आहे. त्यांना मी भाई म्हणते, ते मला वहिनी म्हणतात. आवारातली एक खोली आणि कडुनिंबाखाली गाडीपुरती जागा रीतसर भाड्याने द्या म्हटलं, तर ते रुसलेच.

"तुमच्याशी करार? वहिनी, बिरादरीत तोंड दाखवू का नको मी?"

"भाई, तुमच्यावर भरवसा आहे. सरकारचा माझ्यावर नाही," मी म्हटलं. मग त्यांनी सही केली, करार नोंदवला आणि आम्ही सोलापूरचे रहिवासी झालो.

त्यानंतरचे दिवस फार सुखाचे गेले. कंटाळा आला की सिलिंडर बंद करायचा, डबे कपाटात कोंबायचे आणि निघायचं. अक्कलकोटला गेलो तर भाजीवालीशी मी मोडकी कानडी बोलायची आणि ती मला मराठीत उत्तर द्यायची. मी खिडकीत बसून बाहेर बघायची आणि लहान मुलीसारखी खूश व्हायची.

आणि यांच्या लायसनची मुदत संपली. नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखला लागतो. साखरेने यांचे डोळे आतून खाल्ले होते, आम्हाला पत्ताच नव्हता. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सही करणार नाही म्हणून स्पष्ट सांगितलं. परतताना भाईंना बोलावून घेतलं, गाडी त्यांनी चालवली. हे पहिल्यांदाच डावीकडे बसले होते.

घर झाडाखाली उभं राहिलं ते उभंच. चाकांपाशी गवत वाढलं. पुण्याहून मुलाचा फोन आला, गाडी विका आणि एखादी खोली बघा म्हणाला. हे म्हणाले, "बराबर हाय त्याचं." मला पुन्हा चार भिंतींत जायचं नव्हतं. दोन भाकऱ्या ताटात वाढल्या आणि सांगून टाकलं, "मी शिकते गाडी."

"व्हय, शीक की. आन् मी काय करू? भाकऱ्या थापू?"

"थापा. कडक झाल्या तरी सोलापुरात कुणी नावं ठेवणार नाही."

ते हसले नाहीत. माझ्याही लक्षात आलं, की मी गाडी शिकले म्हणजे यांचं ड्रायव्हिंग कायमचं संपलं. विकली तर गाडी गेली असं म्हणता आलं असतं. मी बसले तर यांची जागा गेली, तीही यांच्या डोळ्यांदेखत. मला वाईट वाटलं, पण मी मागे हटले नाही.

शिकाऊ लायसन काढलं. लाल एल अक्षराची पाटी मागेपुढे लावली आणि सकाळी ट्रक बाहेर गेले की भाई मला रिकाम्या आवारात शिकवायला लागले. हे बाजेवर पाठ करून बसायचे. मी गिअर चुकवला की ती पाठ ताठ व्हायची. क्लच करकरला की यांचा डावा पाय बाजेखालची माती दाबायचा. तोंडाने मात्र मौनव्रत.

परीक्षेला आमचीच गाडी नेली, संसारासकट. हे आलेच नाहीत. वळण जमलं, चढावर थांबून पुढे घेणं जमलं. रिव्हर्स घेताना मागचं कपाट उघडलं आणि शेंगाचटणीचा डबा धाडकन खाली आला, मागोमाग ताटल्या. माझा जीव अर्धा झाला. मी ब्रेक लावला, इंजिन तसंच चालू ठेवलं आणि उठून मागे डबा उचलायला गेले.

"बाई! कुठे चाललात?" शेजारी बसलेले आरटीओचे साहेब ओरडले.

"साहेब, चटणी सांडली."

मी नापास झाले. साहेबांचं काही चुकलं नव्हतं. चालू गाडीतून ड्रायव्हर उठला तर त्याला पास कोण करणार? पण येताना माझे डोळे भरून येत होते आणि भाई उगीच हॉर्न वाजवत होते.

यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, हे सुटकेचा श्वास सोडतील. तर हे बाजेवरून उठूनच उभे राहिले.

"शीट सोडलीस? चालू गाडीत?" आवाज असा, की भाईसुद्धा दोन पावलं मागे सरकले. "अगं, मागं कुणी भांडतंय, कुणी वकतंय, कोंबडी सुटलीय, आपून फुडं बगायचं. मागचं सगळं आपल्या जिवावर बसल्यालं असतंय. चल, बस. भाई, तुमी बी शेजारी बसा, लायसन तुमचंच हाय. पर बोलनार मी."

त्या दिवसापासून मला दोन मास्तर झाले. एक गोड बोलायचा, दुसरा लई वाईट. हे माझ्या मागे पलंगावर बसायचे आणि मी रिव्हर्स घ्यायला लागले की मुद्दाम ताटं आपटायचे. मी दचकले की म्हणायचे, "फुडं!" मी चिडून एकदा म्हटलंसुद्धा, की तुमच्या कंडक्टरने इतकी वर्षं कसं सहन केलं तुम्हाला. पण आतून मला इतका आनंद होत होता, की सांगता येत नाही. माणूस पुन्हा बोलायला लागला होता. एका दुपारी तर त्यांनी कपाटाच्या दारांना कड्या ठोकल्या आणि आपणहून भाकरीही थापून बघितली. तिच्याविषयी न बोललेलं बरं.

दुसऱ्या परीक्षेला हे आले आणि ट्रॅकबाहेर कुंपणाला धरून उभे राहिले. त्यांना लांबून मी नीट दिसतही नसणार. ओट्यावर विसरलेला पेला गडगडत गेला, मी समोर बघत राहिले. साहेबांनी उतरताना एवढंच विचारलं, "आज चटणी नाही का?"

लायसन पोस्टाने हातात आलं त्या आठवड्यातच आम्ही निघालो. भाई फाटकापाशी उभे होते. मी सिलिंडर बंद केला, कड्या लावल्या आणि उजवीकडे चढून बसले. हे क्षणभर माझ्या दारापाशीच उभे राहिले, सवयीने. मग गाडीला वळसा घालून डावीकडे आले, चढले, दार ओढून घेतलं. मी इंजिन सुरू केलं, पण पाय काही उचलेना. यांच्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं.

यांनी हात बाहेर काढला आणि दाराच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली. जन्मभर मागून दोन घंट्या ऐकून गाडी सोडणारा माणूस आज मला डबल बेल देत होता.

मी पहिला गिअर टाकला.