घारीची बाटली

माझ्या ताईचा नवरा क्रेन चालवतो. बांधकामाजवळ मान वर करून पाहिलं की पार टोकाला काडेपेटीएवढी केबिन दिसते. भावोजी सकाळी तिथे चढतात ते काम सुटल्यावरच उतरतात. सगळे त्यांना घार म्हणतात. उंचीची त्यांना कधी भीती वाटली नाही. त्यांच्या वाटचं आम्हीच भ्यायचो.

ते घाबरायचे एकाच गोष्टीला, लघवी लागण्याला. ती लांबलचक शिडी उतरून पुन्हा चढेपर्यंत खालचं सगळं काम खोळंबायचं आणि मुकादम त्यांचा उद्धार करायचा. मग या शहाण्या माणसाने उपाय काढला, पाणीच प्यायचं नाही. वर मान दुखते म्हणून दुखण्याच्या गोळ्या, त्याही घोटभर पाण्याबरोबर. पण ताई रोज मोठी बाटली भरून देते आणि संध्याकाळी तपासते. भरलेली दिसली की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू. तेव्हा भावोजी उतरण्याआधी बाटली वरूनच ओतून द्यायचे. ताई खूश, मुकादम खूश.

एका कडक उन्हाळ्यात ते खाली उतरले आणि भिंतीला धरून ओकायला लागले. दवाखान्यात नेलं तेव्हा धड बोलता येत नव्हतं. लघवीसाठी नळी घातली, पलंगाला पिशवी अडकवली. पिशवी कोरडीच राहिली.

"जीभ इतकी कोरडी कशी? पाणी पितात ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पितात म्हणजे? रोज बाटली रिकामी येते. मी स्वतः धुते," ताई ठसक्यात म्हणाली.

बाईंचा चेहरा उतरला. "मूत्रपिंडं दिवसभर रक्त गाळत असतात. नको असलेलं पाण्याबरोबर लघवीतून बाहेर टाकतात. यांच्या रक्तात ते सगळं साठलंय. पाणी पिऊनही लघवी होत नसेल, तर मूत्रपिंडंच बंद पडत असणार. मग सलाईन जोरात देता येत नाही, पाणी फुप्फुसात साठतं. मशीनवर रक्त धुवायची तयारी ठेवा."

ताईची नखं माझ्या हातात रुतली.

भावोजींचे ओठ हलले. मी वाकले.

"तिला बाहेर ने," ते पुटपुटले.

मी म्हटलं, "भावोजी, जीव जायची वेळ आलीय. काय ते हिच्यासमोरच सांगा."

"ओततो," ते म्हणाले. "वरून. रोज."

"म्हणजे मूत्रपिंडांना भांडी घासायला बसवलंत आणि नळच बंद केलात," बाई म्हणाल्या आणि सलाईन जोरात सोडायला सांगितलं.

आम्ही दोघी नळीकडे बघत बसलो. बऱ्याच वेळाने तिच्यात गडद, कोऱ्या चहासारखं काहीतरी सरकलं. ताई भर वॉर्डात, लघवीकडे बघून, ढसाढसा रडली.

भावोजी वाचले. मशीन लागलं नाही. पण झालेलं नुकसान सगळं भरून येईलच असं नाही, आणि पुन्हा असं झालं तर आपण काही सांगू शकत नाही, असं बाईंनी बजावलं आहे.

आता मुकादम त्यांना मधे उतरू देतो. बाटली संध्याकाळी रिकामीच येते आणि ताई ती धुते, पण त्या बाटलीवर तिचा काडीचा विश्वास उरलेला नाही. भावोजी घरी येऊन संडासात गेले की ती दाराला कान लावून उभी राहते. आवाज यायला उशीर झाला की तिचा चेहरा पांढरा पडतो.

"अगं, तू उभी असलीस की होत नाही," भावोजी आतून काकुळतीला येतात.

ती हलत नाही.