तालुक्याची नर्स

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, त्या उन्हाळ्यात मी उदगीरच्या स्टँडवरून निघाले. कबड्डीतली माझी पकड बघून कॉलेजच्या सरांनी मला रग्बीत घातलं होतं आणि भुवनेश्वरच्या शिबिराचं बोलावणं आलं होतं. स्टँडवर शेजारचे काका भेटले, पोरगी कुठं निघाली म्हणून विचारलं. मला सोडायला आलेले माझे वडील, अप्पा, पटकन म्हणाले, नर्सिंगला. मी बसमध्ये चढले. बस सुटताना अप्पा खिडकीशी आले. "भारताकडून खेळून ये. मग समद्या गावाला मीच सांगतो."

त्या शब्दावर मी पाच वर्षं काढली. हॉस्टेलात नळ सोडला की पाणी येतच राहायचं. पहिल्या दिवशी मी उगाच दोन बादल्या भरून ठेवल्या, तर ओडिया पोरी हसल्या. स्क्रम, टॅकल, लाइनआउट हे रग्बीतले शब्द तोंडात बसले. खांद्याचं हाड मोडलं, जुळलं. देशाची जर्सी पहिल्यांदा अंगात घातली, तेव्हा अप्पा चावडीवर सांगतायत असंच डोळ्यांपुढं येत होतं. असली खुळी मी.

खेळ संपवून परतले, तेव्हा आमचा तालुका जिल्हा व्हावा म्हणून सभा चालू होत्या. तालुक्याचं वजन दिसावं म्हणून बाहेर नाव काढलेल्यांचा सत्कार ठेवला होता. यादीत माझंही नाव होतं, अप्पांनीच दिलेलं. मी पिशवीत जर्सी घेऊन गेले. नाव पुकारून निवेदक म्हणाला, "भुवनेश्वरच्या मोठ्या दवाखान्यातल्या परिचारिका." पुढच्या रांगेत अप्पा टाळ्या वाजवत होते. मी शाल-नारळ घेऊन खाली उतरले, तर एका आजीनं नाडी बघायला मनगटच पुढं केलं.

घरी जाब विचारला. "धाकटीची सोयरीक जुळायलीय," अप्पा म्हणाले. "थोरली चड्डी घालून लोकांना आडवं पाडती, म्हनून सांगू काय?" धाकटीचं लग्न झालं, तरी त्यांनी कुणाला सांगितलं नाहीच. पाऊस दगा देतो म्हणतात. पावसानं मला शब्द तरी दिला नव्हता.

गावी राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनो, मी आता पुण्यात शाळेतल्या मुलींना रग्बी शिकवते. त्या मला माझ्या खेळानं ओळखतात. तेच माझं घर, असं मी रागारागानं ठरवून टाकलंय.

मागच्या आठवड्यात अप्पांचा फोन आला. गुडघा सुजलाय, कुठली गोळी घेऊ? आवाजात थट्टा नव्हती. आपलीच थाप त्यांना खरी वाटायला लागली होती. मी म्हटलं, गोळीचं डॉक्टरला विचारा. बर्फ लावा, पाय उशीवर ठेवा.

"लई शिकली माझी लेक," अप्पा म्हणाले. कुठं शिकली, ते त्यांनी विचारलं नाही.