गोपनीय विभागातली टीका

संपादकांना चार लेख हवे होते. विषय : इंग्रज अमदानीत आपल्या भागातून सरकारवर झालेली टीका. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी नागपूरच्या एका दैनिकात वार्ताहर होतो. संपादकांच्या सहीचे पत्र घेऊन एका सरकारी रेकॉर्ड रूममध्ये गेलो. गोपनीय बस्ते पाहण्याची परवानगी मिळायला नऊ दिवस लागले.

गोपनीय कागदांची सूची वेगळी होती, हाताने लिहिलेली, अक्षर मोत्यासारखे. 'टीका' या शब्दाखाली सतरा बस्ते होते. त्यांपैकी अकरा एकट्या एका तहसिलीचे. ती तहसील चांदा जिल्ह्यातल्या जंगलातली, वस्ती बहुतेक गोंडांची. शहरातले वकील आणि वर्तमानपत्रे यांची सगळी टीका उरलेल्या सहा बस्त्यांत मावली होती. बातमी समोर होती. मी मथळासुद्धा ठरवून टाकला.

बस्ते काढून देणारे दफ्तरी नागपूरच्या महाल भागातले, निवृत्तीला आलेले गृहस्थ होते. लाल फडक्यात बांधलेला पहिला बस्ता त्यांनी टेबलावर आदळला. धूळ बसेपर्यंत थांबून म्हणाले, "भल्लेच बोलले दिसते हे लोक."

आतली वही हिंदीत होती. पहिल्या रकान्यात गाव, दुसऱ्यात नाव, तिसऱ्यात वय. पहिला टीकाकार अकरा महिन्यांचा होता. दुसरा दीड वर्षाचा. तिसरी सहा महिन्यांची, आणि तिच्यापुढे शेरा होता : 'टीका सफल'. चौथ्याची असफल ठरली होती. सात दिवसांनी पुन्हा करावी, असा खाली हुकूम.

मी सवयीने टिपणे घेत गेलो. 'टीका, बायाँ हाथ, दो' इथे पेन थांबले आणि मला हसू फुटले. त्या खोलीत खोकायचे असले तरी लोक व्हरांड्यात जात.

"काहून हासून राहिले गा तुमी?" दफ्तरींनी दारातून विचारले.

"काका, एका तान्ह्या पोराने डाव्या हाताने सरकारवर दोनदा टीका केली आहे."

पलीकडच्या टेबलावर एक बाई बसत. त्या खुर्ची मागे सारून उठल्या. "टीका? कुठी आहे? दाखवा मले!"

त्या रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात नर्स होत्या. दुपारपाळी असल्याने सकाळी इथे येत. इतिहासाचा प्रबंध लिहीत होत्या. विषय, गोंड गावांतले देवीचे लसीकरण. छापील इंग्रजी अहवालांत एकच वाक्य फिरून फिरून येत होते : टोचणारा दिसला की गोंड गाव सोडून पळतात. सिस्टर स्वतः गोंड होत्या. त्यांचे आजोबा, आईचे वडील, त्याच जंगलात टोचणी करीत, आणि त्यांना पाहून कोणी पळत नसे, असे आई सांगे. एका गावाने दिलेला कोंबडा त्यांनी परत केला, तर तो कोंबडाच त्यांच्या मागे चालत आला, असेही सांगे. मार्गदर्शक प्राध्यापक म्हणाले होते, महिनाअखेर कागद दाखवा, नाहीतर आजोबांचे प्रकरण काढून टाका. आईच्या कोंबड्यावर प्रबंध उभा राहत नाही. महिना संपायला चार दिवस होते.

खुल्या सूचीत सिस्टरांनी 'लस' पाहिले होते, 'टोचणी' पाहिले होते. 'देवी' खाली मिळालेले बस्ते देवस्थान विभागात ठेवले होते. देवीच्या साथीचे कागद मंदिरांच्या जमिनी आणि जत्रा यांच्या मधोमध सापडले. गोपनीय सूची त्यांना कोणी दाखवली नव्हती.

आता त्यांनी माझ्या खांद्यावरून वही पाहिली आणि डोळे मिटले. "अवं माय," त्या म्हणाल्या. "लस टोचणे म्हंजे हिंदीत टीका. हे यांनी सरकारवरच्या टीकेत लावून ठेवलं!"

मग त्यांनाही हसू आवरेना. दफ्तरी आत आले, कारण कळल्यावर स्टुलावर बसले आणि टोपीने डोळे पुसू लागले.

पण बस्ता गोपनीय होता. माझ्याकडे परवानगी होती, त्यांच्याकडे नव्हती. सूची करणारे अधीक्षक वरच्या मजल्यावर बसत. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर पुण्याकडून आलेले, काटेकोर, एकट्याने सूची पूर्ण केलेले. आम्ही तिघे वर गेलो.

"टीका म्हणजे टीका," साहेब म्हणाले. "शब्दकोश पाहा."

सिस्टरांनी बाही वर सरकवली. दंडावर दोन वाटोळे व्रण होते. "हा टीका, साहेब. तुमच्याबी दंडावर असंल."

साहेबांनी आमच्याकडे पाहिले, मग दाराकडे. कफाचे बटण सोडले आणि बाही घडी घालत घालत वर नेली. व्रण होते. चांगले मोठे.

"म्हंजे सायेब," दफ्तरी गंभीरपणे म्हणाले, "तुमच्यावर लहानपणीच टीका झाली."

साहेबांनी पुन्हा दंडाकडे पाहिले. नंतर त्यांचे खांदे हलू लागले. हसताना त्यांचा आवाज होत नसे. त्यांनी सूची मागवली, 'टीका' पुढे बारीक अक्षरात 'लस या अर्थी' असे लिहिले, सही केली आणि अकरा बस्ते खुल्या विभागात वर्ग केले.

दुसऱ्या दिवशी मी पाने उलटत होतो, सिस्टर वाचत होत्या. सुरुवातीच्या वह्यांत शेरा एकच : 'गाँव खाली मिला'. पानोपानी तेच. अहवाल खोटे नव्हते. सिस्टरांनी पुढची वही ओढली.

सातव्या बस्त्यात हस्ताक्षर बदलले. टोचणाऱ्याच्या रकान्यात नवे नाव आले. सिस्टरांनी त्यावर बोट ठेवले आणि ते उचललेच नाही. पुढचा शेरा मी मोठ्याने वाचला : 'पहला टीका खुद को. गाँव हाज़िर'. पुढच्या गावीही तसेच. त्याच्या पुढच्याही.

"आई म्हणते, आज्याच्या दंडावर जागाच नव्हती उरली," सिस्टर म्हणाल्या. "मले वाटे, वाढवून सांगते."

बाराव्या पानावर तो होता. 'मुर्गा दिया. लौटाया. मुर्गा पीछे-पीछे आया.'

त्या खोलीत त्यानंतर जे झाले त्याला शांतता म्हणता येणार नाही. दफ्तरींनी तर टेबलाभोवती मान पुढेमागे करत चालून दाखवले.

नक्कल हाताने करायची आणि अधीक्षकांनी मुळाशी ताडून शिक्का मारायचा, असा नियम होता. साहेबांनी चष्मा लावला आणि पुणेरी हिंदीत, प्रत्येक अक्षर सुटे करून वाचले : "मुर्गा. पीछे-पीछे. आया." शिक्का मारला. वाळू दिला.

मग विचारले, "त्या कोंबड्याचे पुढे काय झाले?"

"पाळला, साहेब. म्हातारा होऊन मेला, असं आई सांगते."

"त्याचा कागद आहे?"

"नाही."

"मग ते प्रबंधात लिहू नका," साहेब म्हणाले. "उगाच टीका होईल."

"कोणत्या दंडावर, सायेब?" दफ्तरींनी विचारले.