बिबडीच्या घाटानं सांधलेला चिरूट

आमचे हे चिरूट ओढतात असं जळगावात कुणाला सांगितलं की माणूस आधी हसतो. बिडी समजू शकतो, तंबाखू-चुना तर घरोघरी. पण चिरूट? तो तर सिनेमातल्या श्रीमंत बापानं ओढायचा. आमचे हे पाटबंधारे खात्यातले, आयुष्य धरणांच्या कामावर धुळीत गेलेलं. तिथेच त्यांना एक तमिळ इंजिनियर भेटले. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. अण्णा त्रिचीकडचे. गावी गेले की तिकडचे काळे, खरखरीत चिरूट वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचे. संध्याकाळी दोघं बंधाऱ्यावर बसून ओढायचे. ह्यांना जी सवय लागली ती तिथे.

आता डॉक्टरांनी छातीत स्प्रिंग बसवल्यापासून आठवड्याला एकच. तोही रविवारी, तोही अर्धा, असं डॉक्टर म्हणाले होते. अर्ध्याचं काय झालं ते मी लिहीत नाही.

पण एकच ओढायचा म्हटल्यावर निवड आली ना! शुक्रवारपासून तयारी. आधी मला विचारणार, "रविवारी काय करते आहेस?" नवऱ्यानं स्वयंपाकाची एवढी चौकशी केली की बाईला बरं वाटतं, तसं मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. मग कळलं, चौकशी माझ्यासाठी नव्हतीच. वरण-भात-तूप असेल तर फिक्या रंगाचा, हलका चिरूट. वांग्याचं भरीत नि कळण्याची भाकरी असेल तर जाडजूड काळा. शेवभाजी केली तर जेवणानंतर तासभर थांबायचं, कारण जिभेला आग लागलेली असताना तंबाखू काय कळणार? आणि लागोपाठ दोन रविवार एकाच जातीचा नाही. "जीभ सोकावते गं," म्हणतात. "मग तिला नव्याची चव लागत नाही नि जुन्याचीही राहत नाही."

एवढं ठरलं की पेटी उघडायची. एक चिरूट घ्यायचा, दोन बोटांत हलकेच दाबायचा, नाकाखालून फिरवायचा नि मग, बरं का, कानाशी धरून चोळायचा.

"काय म्हणतोय?" मी विचारते.

"म्हणतोय, अजून दोन महिने थांबा."

"मला एवढं कधी कान देऊन ऐकलंत का?"

"तुझं न देताही ऐकू येतं."

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आणखी एक सोहळा. सगळी पेटी वर्तमानपत्रावर रिकामी करायची, खालचे वर, वरचे खाली. पुतणी परदेशातून दिवाळीला पाठवते ते एका बाजूला, त्रिचीचे दुसऱ्या बाजूला. नवे मागे, जुने पुढे. साबणाच्या डबीला भोकं पाडून त्यात ओला स्पंज ठेवलेला, तो पिळून परत भरायचा. ह्या एका गोष्टीवर मी कधी हसले नाही. मीही लोणच्याची बरणी हलवते, ठेवणीतल्या साड्यांच्या घड्या मोडते. वस्तू सांभाळायची तर तिला अधूनमधून हात लागायला हवा, एवढं आम्हा दोघांना सारखंच कळतं.

फक्त दोन चिरूट ह्या फेऱ्यात कधी आले नाहीत. पेटीच्या तळाशी, खाकी कागदात. अण्णा निवृत्तीनंतरही काही वर्षं इथेच राहून मग गावी परत निघाले तेव्हा स्टेशनवर त्यांनी ह्यांच्या खिशात ठेवले होते. "एक तुझा, एक माझा. पुढच्या भेटीला." त्याला अकरा वर्षं झाली. दर महिन्याला हे कागद उघडायचे, दोघांना कूस बदलून द्यायचे, वास घ्यायचे नि परत गुंडाळायचे. स्प्रिंग बसवून दवाखान्यातून आले त्या दिवशीही पाणी पिण्याआधी ह्यांनी तो कागद उघडून पाहिला होता.

यंदा चैत्रात अण्णांचा फोन आला. दिल्लीला नातीकडे निघालेत, मे महिन्यात एक दिवस जळगावला उतरतो म्हणाले. सकाळी येणार, संध्याकाळच्या गाडीनं पुढे. वय दोघांचंही पंच्याहत्तरच्या पुढे. फोन ठेवून हे आधी खाकी कागद उघडून बघून आले. मग म्हणाले, "ह्यानंतर काही तो एवढा प्रवास करणार नाही." मीही मनात तेच म्हणत होते. म्हटलं, "मग आमरस नि खापरावरची पुरणपोळी करते." ते लगेच म्हणाले, "त्यावर तेच दोन ओढू."

आता पुढचं जे झालं ते माझ्यामुळे झालं, सांगून टाकते.

एप्रिलअखेर ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, धुळ्याला. लेक तिथेच असते, म्हणून आठ-दहा दिवस तिच्याकडे राहायचं ठरलं. निघताना मला चार वेळा बजावलं, "स्पंज रोज ओला कर. उन्हाळा आहे." आणि उन्हाळा म्हणजे आमचा! गच्चीवर पापड टाकावा नि खाली उतरून पुन्हा वर गेलं की तो वाळून वळलेला असावा. तिसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली, कूलर बंद. मी पेटी उघडून एक चिरूट कानाशी धरला, ह्यांच्यासारखा. कुरकुरला! म्हणजे सुकत चालला की!

आमच्या शेजारचे शेठजी केळीचे व्यापारी. मूळचे मारवाडचे, पण तीन पिढ्या इथल्याच. त्यांचं केळी पिकवायचं चेंबर आहे. आत गेलं की भर मे महिन्यात पदर घट्ट गुंडाळून घ्यावासा वाटतो. गार, दमट, भिंतींना हात लावला तर ओला होतो. मला वाटलं, चिरुटाला गारवा हवा, ओल हवी, मग ह्यापेक्षा चांगली जागा कुठली? जळगावच्या बाईला असंच सुचणार, दुसरं काय सुचणार!

शेठजी म्हणाले, "भाभीजी, बेफिकीर राहा. माझ्या केळीला जेवढं जपतो तेवढंच जपीन."

त्यांनी शब्द पाळला. केळीसारखंच जपलं.

चेंबरमध्ये ठेवल्यापासून पाचव्या दिवशी मी पेटी आणायला गेले. झाकण उघडलं तर आतून पिकल्या केळ्यांचा घमघमाट. चिरूट गुलगुल्यांसारखे फुगलेले. काहींवर पांढरी लव. मी खाकी कागद उघडला. खालचा चिरूट जरा ओलसर, पण धड होता. वरच्याचं पान उभं फाटलेलं, चांगलं तीन बोटं. आतली तंबाखू दिसत होती.

शेठजी डोकावले. "भाभीजी, केळी तर फर्स्ट क्लास पिकलीत ह्या वेळी."

"शेठजी, तुमच्या केळ्यांना आग लागो!"

"असं नका बोलू, ट्रक भरायचाय," म्हणाले. मग त्यांनी माझा चेहरा पाहिला. त्यांनीच मऊ फडक्यानं एकेका चिरुटावरची लव पुसून दिली नि म्हणाले, "मी कुणाला बोलणार नाही."

घरी आले. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, एवढंच सांगते. बाकीच्या चिरुटांचं मला काही वाटलं नाही, पुतणी पुन्हा पाठवेल. पण तो फाटलेला? तो कुठे मिळणार? अकरा वर्षं एका माणसानं जपला नि मी पाच दिवसांत घालवला. आणि अण्णा एकदाच येणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर आमच्या गल्लीतल्या बायकांच्या बिबड्या चालल्या होत्या. बिबडी म्हणजे ज्वारीचा पापड. ज्वारी भिजवायची, दळायची, शिजवून घट्ट घाट करायचा नि तो ओल्या कापडावर हातानं पसरायचा. माझा हात घाटात नि जीव चिरुटात. एक बिबडी कापडावरून उचलताना फाटली. मी सवयीनं तिच्यावर घाटाचं बोट फिरवलं, आणि तशीच थांबले. हात न धुता शिंदखेड्याला अक्काला फोन लावला. माझी मोठी बहीण, बिबड्यांत तिचा हात धरणारं अख्ख्या तालुक्यात कुणी नाही. आम्ही बहिणी माहेरच्या बोलीतच बोलतो.

"अक्का, फाटेल बिबडी नीट सांधाले काय करतस?"

"ओल्ला घाटनं बोट फिराव नि सावलीमा ठेव. उनमा ठेवशी ते परत तडकी. काबरं वं, समद्या फाटी ग्यात का तुन्या?"

"बिबडी नही शे अक्का. ह्यास्ना चिरूट शे."

अक्कानं मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "तुना डोकावर ऊन लागनं."

पण तिनं सांगितलं तसंच मी केलं. पुतणीनं पाठवलेल्या एका चिरुटाचं वरचं पान ओल्या फडक्यात मऊ करून सोडवलं. तळाला उरलेला घाट बोटानं घासून पातळ लावला, त्यावर पानाची पट्टी गुंडाळली नि माठाच्या मागे सावलीत ठेवलं. संध्याकाळपर्यंत सुरेख चिकटलं. रंग जरा निराळा दिसत होता, पण हे तर काळा चष्मा लावून येणार होते. स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश झाले की एक गोष्ट डोक्यातच आली नाही. ती पुढे येतेच आहे.

हे आले, पेटी विचारली, मी दिली. वास घेतला. "केळ्यासारखं काय येतंय?"

"शेठजींनी फणी पाठवली होती, शेजारीच ठेवलेली होती," मी म्हटलं. धडधडीत खोटं.

अण्णा आले. वाळलेले, हातात काठी, पण हसू तेच. माझ्या पोळीला त्यांनी नमस्कार केला. "वहिनी, डॉक्टर नको बोलतो. पण डॉक्टर त्रिचीमध्ये आहे." दोन वाट्या आमरस घेतला. धरणांची, मेलेल्या साहेबांची, वाहून गेलेल्या पुलाची आठवण झाली. ऊन कललं तशा मी ओसरीवर दोन खुर्च्या टाकल्या. ह्यांनी खाकी कागद उघडला नि दोन्ही चिरूट तळहातावर धरून अण्णांच्या पुढे केले. "आधी तू निवड."

मी दारात उभी. देवा, धड असलेला उचलू दे.

अण्णांनी दोन्ही दाबून पाहिले, नाकाखालून फिरवले, कानाशी धरले. अगदी ह्यांच्यासारखं. किंवा हे अगदी त्यांच्यासारखं करतात. आणि सांधलेलाच उचलला. "हा जास्त बोलतो."

पेटवले. एवढ्या वर्षांनी दोन माणसं शेजारी बसून नुसती धूर सोडत होती, नि मला दाराशी उभं राहून भरून आलं. वाटलं, निभावलं.

मग विस्तव पट्टीपाशी पोचला.

बिबडीच्या घाटात काय काय असतं? लसूण, मिरची, जिरं, तीळ. सगळं मीच कुटून घातलेलं! ओसरीभर भाजलेल्या बिबडीचा वास सुटला. अण्णा थांबले, चिरूट डोळ्यांसमोर धरला, पुन्हा एक झुरका घेतला.

"वहिनी, किचनमध्ये पापड भाजता?"

ह्यांनी चष्मा कपाळावर सारला नि माझ्याकडे पाहिलं. मग मी सगळं सांगितलं. वीज, कूलर, चेंबर, अक्का, सगळं. शेवटी म्हटलं, "पाच दिवसांत मी तुमची अकरा वर्षं घालवली."

ह्यांनी चष्मा परत डोळ्यांवर ओढला. त्यांचा राग मला ठाऊक आहे, तो आवाजात नसतो, माझ्याकडे न बघण्यात असतो. त्यांनी अण्णांच्या हातातला चिरूट घेतला, आपला धड असलेला अण्णांना दिला. "तू हा घे. अस्सल आहे."

"नो, नो," अण्णा म्हणाले. "मी निवडला. माझा आहे."

"अरे, ही लसणाची तंबाखू पाहुण्यानं ओढायची?"

"लसूण फर्स्ट क्लास आहे. तुला एकट्याला नाही देणार."

दोन म्हातारे एका फाटक्या चिरुटावरून भांडायला लागले! शेवटी असं ठरलं की एक झुरका ह्याचा, एक त्याचा. मग दोन्ही चिरूट इकडून तिकडे फिरायला लागले. हे अण्णांना सांगत होते, "धड असलेल्यानंतर हा ओढ, तिखट जास्त कळतं," आणि अण्णा म्हणत होते, "नाही, आधी लसूण, मग त्रिची." मधेच ह्यांनी हाक मारली, "अगं, दोन खऱ्या बिबड्या भाजून आण. आणि तेल." तेव्हा मला कळलं, राग गेला.

स्टेशनला निघायच्या आधी हे पेटी घेऊन बसले. बऱ्यापैकी वाळलेले, लव न धरलेले तीन-चार निघाले. त्यातून दोन निवडायला त्यांनी एवढा वेळ लावला की गाडी चुकते की काय असं झालं. खाकी कागदात गुंडाळून अण्णांच्या खिशात ठेवले. "एक तुझा, एक माझा. आता तुझ्याकडे राहू दे. पुढच्या वेळी आम्ही येतो."

अण्णा रिक्षात बसले, हे त्यांच्या शेजारी. रिक्षा हलली तशी मला आठवलं. अण्णांच्या गावाकडेही केळी भरपूर. चपला न घालताच मी फाटकापर्यंत धावले.

"अण्णा! केळ्यांजवळ ठेवू नका!"