निळा खाडीत जातो

करावे गावात कुणी घराला तेलरंग लावला की त्या घरात लग्न निघालं, हे सांगायला पत्रिका लागत नसे. एरवी भिंतीला चुना, तोही दिवाळीच्या तोंडावर, आणि फारच हौस असेल तर त्यात चिमूटभर नीळ. तेलरंग हा होडीचा मान. तो भिंतीवर चढला म्हणजे पोरगा नाहीतर पोरगी उजवायची आहे, एवढं शेंबड्या पोरालाही कळायचं.

त्यामुळे त्र्याऐंशी सालच्या दसऱ्यानंतर होड्या रंगवणारा गोटीराम खाडीकाठच्या चांगुणाबाईच्या घरावर शिडी लावून चढला, तेव्हा गाव खूश झालं. चांगुणाची जयमाला एकोणीस वर्षांची झाली होती. नवरा देवजी जाऊन सात वर्षं झाली होती. भातखाचरं नव्या शहरात गेली, मग बाईनं होडी वल्हवली, कोळंबी आणि चिंबोऱ्या वाशीच्या नव्या बिल्डिंगांच्या दारात विकल्या, मुलाला मार्गी लावलं आणि पोरगी वाढवली. आता तिचे हात पिवळे होणार, यात वाईट वाटण्यासारखं कुणाला काही नव्हतं. फक्त एका बाईच्या मनात शंकेची पाल चुकचुकली आणि पुढे दोन महिने ती गप्प बसली नाही. ती बाई म्हणजे जाईबाई धवलारीण.

आगरी लग्नात भटजी नंतर येतो, आधी धवलारीण येते. ती धवले गाते, देवांना नावानिशी मांडवात बोलावते, तांदळाच्या पिठाचा चौक मांडून घेते आणि तिचा आवाज लागल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळद लागत नाही. जाईबाई बारा वर्षांची असताना तिच्या आतेनं तिला मांडीपाशी बसवून हे सगळं शिकवलं होतं. आवाज असा की मांडवात बसून गायली तर बांधापर्यंत ऐकू जावा. आणि नियम असा की लग्नाशिवाय धवला तोंडातून काढायचा नाही. देवांना बोलवायचं आणि त्यांनी येऊन बघायचं तर मांडवच नाही, असं झालं तर ते पुन्हा कशाला येतील? एकदा मुंबईहून एक प्राध्यापक टेपरेकॉर्डर घेऊन आले होते. जाईबाईनं त्यांना विचारलं, लग्न कुणाचं? त्यांना सांगता येईना. चहा पाजून तिनं त्यांना पुढच्या बसनं परत पाठवलं.

बाकी स्वभाव मुळातच संशयी. सख्ख्या भावानं आणलेल्या जिताड्याचेही कल्ले उघडून बघणार. कुणी प्रेमानं ये बस म्हणालं की याला आपल्याकडून काय हवंय, असा चेहरा करून बसणार. मांडवात मागून साथ देणाऱ्या बायांवर तर तिचा जन्माचा संशय, की या ओळी खातात. गाता गाता मान वळवून बघायची आणि ओळ खाणारी बरोबर सापडायची.

पण हे वर्ष तिला खरोखरच जड जात होतं. लागोपाठ तीन लग्नांत तिला सांगण्यात आलं होतं, की जाईमावशी, हळदीपुरतं गा, मग कॅसेट लावायची आहे. वाशीहून बॅन्डवाले यायला लागले होते. आपल्याला बाजूला सारतायत, हे जाईबाईला कळत होतं. पण चांगुणाच्या घरचं लग्न ती स्वतःचंच मानून होती. दोघी एकाच वैशाखात नवऱ्या होऊन या गावात आल्या होत्या. जयमालाच्या पाचवीला चांगुणानं बाळंतिणीच्या खाटेवरूनच तिच्या हातात सुपारी ठेवली होती, की हिच्या लग्नाचं बोलावणं आजच घे. ती सुपारी जाईबाईनं एकोणीस वर्षं कुंकवाच्या डबीत सांभाळली होती.

आणि आता घराला रंग लागला होता, पण तिच्या दाराशी कुणी आलं नव्हतं.

सगळ्यात आधी तिच्या लक्षात आलं की रंग उलट्या बाजूनं लागतोय. पाहुणे येतात रस्त्यानं, तेव्हा माणूस रस्त्याची भिंत आधी रंगवतो. चांगुणानं सुरुवात केली ती खाडीकडच्या भिंतीपासून. तिथं गोटीरामकडून पाच पट्टे ओढून घेतले, निळा, हिरवा, पिवळा, गुलाबी आणि तांबडा, एकेक पुरुषभर उंच. मग होडी घेऊन बाहेर गेली आणि तिवरांच्या झाडीपलीकडे थांबून कपाळावर हात धरून घराकडे बघत बसली. एक दिवस नाही, तीन दिवस. जाईबाई बांधावर सुकट वाळवायच्या निमित्तानं हे सगळं बघत होती. तिनं ओळखलं, की सोयरीक खाडीपलीकडची आहे. वरात होडीतून येणार, म्हणून तिकडची भिंत नटवायची. आणि पलीकडचे लोक म्हणजे त्यांची धवलारीण त्यांच्याबरोबर.

तिनं गोटीरामला चहाला बोलावलं. जाईबाई आपणहून चहा पाजते म्हटल्यावर तोही जरा सावरूनच बसला. त्यानं सांगितलं, की मी काकींना म्हटलं निळा लावा, होडीला शोभतो तसा घराला शोभेल. तर काकी म्हणाल्या, निळा नको, निळा खाडीत जातो. हिरवाही नको म्हणाल्या, तो तिवरात जातो. म्हणजे काय ते त्यालाही कळलं नव्हतं. जाईबाईनं मान डोलावली. हे उघड उघड आतल्या गोटातलं बोलणं होतं. पलीकडच्या लोकांना निळा चालत नसणार.

शेवटी घर उभं राहिलं ते असं, की बघणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकावेत. भिंत हळदीसारखी पिवळीजर्द. दार तांबडं. दाराच्या दोन्ही अंगांना हातभर रुंद राणी रंगाचे पट्टे, जोत्यापासून थेट कौलांपर्यंत. ओट्याचा खांब गुलाबी. पायऱ्यांच्या कडा पांढऱ्या. पाण्यात रोवलेला होडी बांधायचा खुंटसुद्धा तांबडा-पिवळा. गावातल्या चुन्याच्या घरांमध्ये ते घर हळदीच्या अंगानं उठून आलेल्या नवरीसारखं बसलं होतं. बाया म्हणाल्या, चांगुणाला हौस फार. जाईबाई म्हणाली, कुठेतरी पाणी मुरतंय.

पुराव्यांवर पुरावे मिळत गेले. चांगुणा दोनदा जयमालाला घेऊन वाशीला गेली आणि दोन्ही वेळा डोक्यावर पाटी नव्हती. करावे गावची बाई पाटीशिवाय वाशीला गेल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. जाईबाईनं जयमालाला रस्त्यात गाठून विचारलं, कशाला गेला होतात? पोरगी म्हणाली, "असंच." खाली बघून म्हणाली. असंच म्हणून कुणी बसला पैसे घालतं का? बॅन्डवाल्यालाच सांगायला गेल्या असणार.

आणि मग ते झालं, जे जाईबाईच्या काळजाला लागलं. बांधावरून ती येत होती आणि समोरून चांगुणा. पाच हातांवर आल्या. जाईबाई थांबली, तोंडावर हसूसुद्धा आणलं. चांगुणा सरळ तिच्याकडे बघत, ओळख न दाखवता बाजूनं निघून गेली. तीस वर्षांची मैत्रीण, आणि दारच्या कुत्र्याला द्यावी तेवढीही ओळख तिनं दिली नाही. जाईबाई तिथंच उभी राहून रडली. रागानं रडली, पण रडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुंकवाची डबी कनवटीला लावून ती चांगुणाच्या घरी गेली. आज सोक्षमोक्षच लावायचा होता. चांगुणा ओट्यावर जाळं शिवत होती. जयमाला शिवणाच्या क्लासला गेली होती. चांगुणानं मान वर करून विचारलं, "कोन?"

कोण! एवढं झाल्यावर वर कोण म्हणून विचारतेय! जाईबाईनं जे मनात साचलं होतं ते सगळं ओकून टाकलं. पलीकडची सोयरीक, होडीतली वरात, बॅन्डवाले, निळा रंग, सगळं. मग डबीतून सुपारी काढली आणि हात पुढे केला.

"ही घे तुजी सुपारी. एकोनीस वर्सं सांबाळली. आता दुसरीला दे."

चांगुणानं जाळं बाजूला ठेवलं. तिनं हात पुढे केला. तो जाईबाईच्या हातापर्यंत आला नाही. वीतभर डावीकडे गेला आणि तिथं रिकाम्या हवेत सुपारी शोधत राहिला.

जाईबाईला आधी वाटलं, की ही थट्टा करतेय. मग तिनं आपला हात हळूच उजवीकडे नेला. चांगुणाचा हात जिथं होता तिथंच चाचपत राहिला. तेव्हा जाईबाई पायरीवर बसली.

"कवापासून?" तिनं विचारलं.

"पावसाच्या आदीपासून," चांगुणा म्हणाली. "मना माजाच घर दिसं नाय, जाये. खाडीतून येतंव त समदी घरा सारखीच पांढरी. एक दिस होडी दुसऱ्याच्याच दाराला लावली. मंग रंगाची बुद्दी झाली."

वाशीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की डोळ्याची नस सुकत चाललीय, आहे ते टिकवायचं, गेलेलं परत येणार नाही. समोर नुसत्या सावल्या हलायच्या. दूरवरून फक्त रंगाचे मोठे मोठे डाग कळायचे, आणि त्यातलेही सगळे नाहीत. तीन दिवस तिवरांपलीकडे बसून तिनं तेच शोधलं होतं, की कुठला रंग लांबून आपल्याला हाक मारतो. निळा पाण्यात मिसळून जात होता. हिरवा झाडीत. पिवळा आणि राणी तेवढे उरले होते. लग्नबिग्न काही ठरलं नव्हतं. आणि हे कुणाला सांगायचं नव्हतं, कारण मुलगा सिताराम तळोज्याच्या कारखान्यात होता, तिथंच दोन खोल्यांत राहत होता. त्याला कळलं असतं तर त्यानं दुसऱ्या दिवशी होडी विकली असती आणि आईला नेऊन त्या खोल्यांत बसवली असती. मुलगा चांगला होता, म्हणूनच त्यानं तसं केलं असतं.

"खाडीत मना डोलं लागत नाय," चांगुणा म्हणाली. "पानी पायाला कळतं. फकस्त घर गावलं पायजे."

मग तिनं जाईबाईचा हात चाचपून धरला, त्यातली सुपारी बोटांनी ओळखली आणि तिची मूठ पुन्हा मिटून टाकली. ती जयमालाचीच आहे, ठेव म्हणाली.

जाईबाईला स्वतःची लाज वाटली. दोन महिने आपण या घराकडे टक लावून बसलो आणि बघायचं तेवढं नेमकं बघितलं नाही, हे तिला घरी जाईपर्यंत टोचत राहिलं. गावाला मात्र तिनं ताकास तूर लागू दिली नाही. लग्नाचं काय झालं म्हणून बाया विचारायच्या, तर सोयरीक फिसकटली म्हणायची, आणि कुणी खोदून विचारलं तर अंगावर जायची.

पौषात एका सकाळी धुकं पडलं. चांगुणा उजाडता उजाडता सुकतीबरोबर, ओहोटीच्या पाण्यानं, गेली होती. भरती लागली की परतायची. भरती लागली, पाणी खुंटाला लागलं, तरी धुकं हलेना. जयमाला धावत जाईबाईकडे आली. दोघी बांधावर गेल्या. दहा पावलांवरून मागे बघितलं तर पिवळं घर नाही, राणी पट्टे नाहीत, काहीच नाही. सगळे रंग त्या धुक्यात निळ्यासारखेच गेले होते.

जयमालानं आई म्हणून हाका मारल्या. पण त्या दिवशी आठ-दहा होड्या बाहेर अडकल्या होत्या आणि बांधावरून जो तो आपापल्या माणसाला हाका मारत होता. आई, बाबा, दादा, नुसता गलका. त्यातली आपली हाक कुठली आणि कुठल्या दाराची, हे धुक्यातल्या माणसाला कळणार कसं? डोळस माणसं निदान धुकं विरेपर्यंत नांगर टाकून बसतील. चांगुणाला धुकं आहे की आपली नजरच गेली, हेसुद्धा समजणार नव्हतं. घर अजून दिसलं नाही म्हणून ती वल्हवत राहील आणि वल्हवत वल्हवत मोठ्या पाण्यात जाईल.

जाईबाई पिवळ्या घराच्या पायरीवर येऊन उभी राहिली. आतेचा नियम तिला आठवला. तिनं भिंतीला हात लावून बघितला. या घराला हळद तर लागलीच होती. सुपारी कनवटीला होती. तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि धवला सुरू केला, लग्नात पहिला म्हणतात तोच, सगळ्या देवांना दाराशी बोलावणारा.

बांधावरचा गलका थांबला. भरल्या पौषात, जेव्हा लग्नं नसतात तेव्हा, मांडव नाही, वाजंत्री नाही आणि जाईबाई धवला गातेय, म्हणजे बाईच्या डोक्यावर परिणाम झाला असं लोकांना वाटलं. ती थांबली नाही. एक संपला की दुसरा धरला. तिसरा अर्ध्यावर असताना आवाज फाटायला लागला, तरी ओढत राहिली. धुक्यात वल्ह्याचा चपचप आवाज आला. मग होडीचं नाक दिसलं, सरळ रंगीत खुंटाकडे येणारं.

जयमालानं दोर ओढला. चांगुणा उतरली, गुडघाभर पाण्यातून चालत पायरीशी आली आणि तिनं जाईबाईचा खांदा चाचपला. पहिली गोष्ट बोलली ती ही:

"दुसऱ्या धवल्याची चवथी ओळ खाल्लीस गो."

"खाल्ली," जाईबाई म्हणाली. तिनं हे आयुष्यात पहिल्यांदाच कबूल केलं होतं.

एव्हाना बांधावरच्या बाया ओट्याभोवती जमल्या होत्या. एक त्या पिवळ्या भिंतीकडे बघत होती, एक जयमालाकडे, एक जाईबाईच्या कनवटीकडे. शेवटी एकीनं विचारलंच, की लग्न कुणाचं, आणि नसेल तर धवला कशाला?

जाईबाईनं पदर खांद्यावर घेतला आणि ती खाली बघून म्हणाली, "असंच."

बाया एकमेकींकडे बघत घरी गेल्या. कुठेतरी पाणी मुरतंय, असं त्यांच्यातली एकजण म्हणाली, आणि ते जाईबाईनं ऐकलं.